मार्थाला उपाशी कुणी मारलं?

१

मार्था गेली तेव्हा माझ्या हातात पेन्सिल होती आणि ती खाली ठेवायचं मला कितीतरी वेळ सुचलंच नाही.

ऑगस्टमधला पहिला शुक्रवार, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं. ही तिची आमच्यावरून जायची वेळ. कानांवर हेडफोन, समोर सरकणारी कागदी पट्टी आणि पट्टीवर शाईची सुई. एरवी ती क्षितिजावर आली की कानात एक स्वच्छ शीळ सुरू व्हायची. त्या दिवशी शीळ आली ती बंद दाराआड कुणी कण्हावं तशी. चार मिनिटं कशीबशी टिकली आणि मध्येच तुटली. सुई कागदावर सरळ रेघ ओढत राहिली.

मार्था म्हणजे आमचा उपग्रह. मेरीलँडमधल्या आमच्या प्रयोगशाळेनं १९६१च्या नोव्हेंबरात वर सोडलेला, तेलाच्या पिंपाएवढा. तिची शीळ ऐकून भर समुद्रातल्या जहाजाला आपण नेमके कुठे आहोत ते काढता यायचं. धुकं असो, वादळ असो, तारे दिसोत न दिसोत. ती पाच वर्षं चालावी म्हणून बांधली होती, नऊ महिन्यांत गेली. मी वेर्ना स्टाउफर. ती वरून काय काय कळवते ते पट्टीवरून वाचून वहीत उतरवणं हे माझं काम होतं.

वीजपुरवठा विभागाचे प्रमुख डॉ. प्रुइट लँग्डन माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"सूर्याकडून किती वीज मिळत होती तिला?"

"जूनमध्ये मिळायची त्याच्या पाऊणपट, डॉक्टर."

"म्हणजे काचाच." ते माझ्याशी नाही, स्वतःशीच बोलले. मार्थाच्या अंगावर हजारो सौरघट बसवले होते, नखाएवढे. प्रत्येकावर एक पातळ काच गोंदानं चिकटवलेली. "गोंद काळा पडला, ऊन आत जायचं थांबलं. होराचेकला बोलवा."

त्या सगळ्या काचा झेल्डा होराचेकनं चिकटवल्या होत्या. ती बोटांवरच्या रबरी टोप्या न काढताच धावत आली. बाल्टिमोरच्या हायलंडटाउनमधली ही बाई. तिचा बाप लोकांच्या खिडक्यांच्या जाळ्यांवर लाल छपरांची घरं आणि हंस रंगवायचा. त्याच्याकडूनच तिच्याकडे तो न थरथरणारा हात आला होता.

"मिस होराचेक," लँग्डन म्हणाले, "तुम्ही लावलेल्या काचांनी मार्थाचा जीव घेतला."

झेल्डा एरवी कुणाचं ऐकून घेणारी नव्हती. त्या वेळी मात्र तिनं फक्त पट्टीवरच्या त्या सरळ रेघेकडे बघितलं आणि विचारलं, "गेली? आपली मार्था गेली?"

दुपारपर्यंत तिच्या टेबलाला कुलूप लागलं. पुढचा उपग्रह शरद ऋतूत वर जायचा होता. त्याच्यासाठी तिनं तयार केलेले सौरघटांचे पत्रे खरवडून काढायचे आणि पुढच्या शुक्रवारी चौकशी होऊन तिला घरी पाठवायचं, असं ठरलं.

२

संचालकांनी चौकशीला बाहेरचा माणूस आणला आणि सगळी प्रयोगशाळा हसली. थॅडियस मोल्नार, वय सदुसष्ट. तीस वर्षं रेल्वेच्या अपघातांचा तपास केलेला माणूस. विज्ञानाची पदवी नाही. सोमवारी सकाळी ते आले तेव्हा हातात अर्धं लिंबू आणि त्यात खोचलेली पेपरमिंटची कांडी होती. ती कांडी नळीसारखी चोखत ते माझ्या खोलीभर फिरले.

"तुम्हीच शेवटचं ऐकलंत ना तिला? मलाही ऐकवा. बरी होती तेव्हाची."

मी जूनची टेप लावली. शीळ उंच आली, हळूहळू उतरली आणि खाली जाऊन विरली. म्हातारा कांडी चोखायचा थांबला.

"अहो, ही तर गाडी आली आणि गेली! फाटकाजवळ उभं राहिलं की अशीच येते शिट्टी. येताना चढी, जाताना उतरती."

"त्याच्यावरूनच तर जहाज आपली जागा काढतं, मिस्टर मोल्नार. शिट्टी कोणत्या क्षणी उतरली त्यावरून."

"शिट्टीवरून?" त्यांनी खिडकीबाहेर आकाशाकडे बघितलं. तिथे काहीच नव्हतं, नुसतं उन्हानं पांढुरकं झालेलं निळं. "सहाशे मैलांवरच्या शिट्टीवरून?"

त्यानंतर त्यांच्यावर हसायची मला इच्छा राहिली नाही.

आधी आम्ही बर्ल कोट्सकडे गेलो. हा बॅटरीवाला. मार्था पृथ्वीच्या सावलीत शिरली की ऊन नाही, तेवढा वेळ तिला बॅटरीवर काढावा लागे. कोट्सला सौरघटांचा राग होता आणि तो त्यानं कधी लपवला नव्हता.

"माझ्या बॅटरीकडे बोट दाखवायला आला असाल तर आल्या पावली परत जा," तो म्हणाला.

"मी अजून बोटं खिशातच ठेवलीत," मोल्नार म्हणाले. "तुमची बॅटरी मेली कशानं?"

"मेली नाही, मारली! उपाशी मारली. दिवसा पोटभर मिळायचं ते जुलैपासून अर्धपोटी मिळायला लागलं. रोज थोडी उणीच सावलीत जायची. किती दिवस काढेल?"

"जुलैपासून म्हणजे कधीपासून?"

कोट्सनं माझ्याकडे बघितलं. तारीख माझ्या वहीत होती. "नऊ जुलैपर्यंत सगळं ठीक होतं," मी म्हणाले. "दहा तारखेपासून उतार."

मोल्नारनी खिशातून एक चुरगाळलेलं वर्तमानपत्र काढलं. महिना जुनं. नऊ जुलैला सरकारनं प्रशांत महासागरावर अडीचशे मैल उंचीवर चाचणीसाठी अणुबॉम्ब फोडला होता. हवाईतल्या लोकांनी आकाश लाल झालेलं बघितलं होतं. सगळ्या देशानं ती बातमी वाचली होती.

"म्हणजे खुनी सापडला?" मी विचारलं.

"नाही ना. मी काल लँग्डनसाहेबांना फोन करून हेच विचारलं. त्या क्षणी मार्था हिंदी महासागरावर होती. मध्ये अख्खी पृथ्वी. खून झाला तेव्हा दोघं एका खोलीतच नव्हती."

३

मंगळवारी आम्ही झेल्डाच्या घरी गेलो. पायऱ्या पांढऱ्या संगमरवराच्या, आत्ताच घासलेल्या. तिनं आमच्यासमोर माशाच्या वड्या आणि मोहरी लावलेली बिस्किटं ठेवली. मोल्नारनी एक उचलली, मग दुसरी.

"गोंद कसा होता?"

"गोंद उत्तम होता, राजा." झेल्डा सगळ्यांनाच राजा म्हणायची, संचालकांनासुद्धा. "मी तो आठवडाभर कडक दिव्याखाली ठेवून बघितला होता. काळा पडला नाही. मी म्हटलं होतं, काच जरा जाड लावू या. लँग्डन म्हणाले, वजन वाढतं. मग पातळ लावली. माझं काय, मी चिकटवणारी."

"सगळ्या सौरघटांवर काच होती?"

"चार सोडून. नाही, थांबा. दोन सोडून. एका कोपऱ्यात चार सौरघट वेगळे बसवले होते, नुसते बघायला म्हणून. दोन अगदी उघडे. एकावर पातळ काच, एकावर जाड."

मोल्नारचा हात तिसऱ्या वडीवर थांबला. "त्या चौघांचं काय झालं?"

"ते मला कोण सांगणार?"

मी सांगणार होते. त्या चार घटांचे आकडे मार्था आठवड्यातून एकदाच पाठवायची. मी ते वेगळ्या वहीत लिहायचे आणि नऊ महिन्यांत ती वही कुणी मागितली नव्हती. आकडे मी लिहिले होते, पण वाचले नव्हते.

आम्ही तसेच उठून प्रयोगशाळेत परतलो. मी वही उघडली. जाड काचेखालचा घट जवळजवळ ठणठणीत होता. पातळ काचेखालचा पाऊणपट उरला होता. उघडे दोन्ही घट निम्म्याच्याही खाली गेले होते.

"आता मला समजावा," मोल्नार म्हणाले. "मी रेल्वेचा माणूस. उघड्या घटांवर गोंद किती होता?"

"अजिबात नव्हता."

"मग ज्यांना गोंद लागलाच नाही ते गोंदानं सगळ्यात जास्त कसे आजारी पडले?"

झेल्डा सुटली होती आणि त्या क्षणी मला फक्त तेवढंच दिसत होतं. मोल्नारना मात्र पुढचं दिसत होतं. त्यांनी वहीवर हलकेच बोट टेकवलं.

"जाड छपराखालचा वाचला, पातळ छपराखालचा जखमी, उघड्यावरचा अर्धमेला. ही गारपीट आहे, वेर्ना. वरून काहीतरी पडत होतं. आणि जोवर ते काय हे कळत नाही, तोवर लँग्डन पुढच्या उपग्रहालाही पातळच काच लावतील. तिथे वर गारा मोजणारं कुणी आहे?"

होतं. मार्थाबरोबर त्याच रॉकेटवरून एक धाकटा उपग्रहही गेला होता. आम्ही त्याला बिली म्हणायचो. बिलीवर अवकाशातले कण मोजणारं यंत्र होतं.

४

बिलीच्या पट्ट्या शेजारच्या इमारतीतल्या कोठीत होत्या. बुधवारी आम्ही जुलैचं खोकं काढलं आणि टेबलावर पट्टी उलगडली. कणांची रेघ शांत होती. खालची विजेची रेघही निरोगी होती.

मोल्नार खाली बसले. "गारा नाहीत," ते म्हणाले. पहिल्यांदाच ते म्हातारे वाटले.

मी पट्टीवरून नजर फिरवत होते. नऊ महिने तेच केलं की डोळे आपोआप मोजतात. बिली सावलीत शिरला की विजेची रेघ खाली बसते, बाहेर आला की उठते.

"मिस्टर मोल्नार, ही पट्टी जुलैची नाही."

"खोक्यावर तर लिहिलंय."

"खोक्यावर काहीही लिहिलेलं असू दे. जुलैत बिली दर फेरीला पस्तीस मिनिटं सावलीत असायचा. इथे वीसच मिनिटं आहेत. ही वसंतातली पट्टी आहे. एप्रिल, फार तर मार्चचा शेवट. कुणीतरी बदललीय."

त्यांनी लिंबू टेबलावर ठेवलं. "कोठीची किल्ली कुणाकुणाकडे?"

"डॉ. लँग्डन, कोट्स आणि व्हिटकॉम."

अँसेल व्हिटकॉम म्हणजे ते मोजणीयंत्र बांधणारे शास्त्रज्ञ. चाळिशीचे, नेहमी व्यवस्थित टाय लावणारे. त्यांच्या यंत्राचं दोन परिषदांत कौतुक झालं होतं.

मोल्नारनी तिघांना एकच प्रश्न विचारायचं ठरवलं. पट्टी बदलल्याचं बोलायचं नाही, असं मला बजावलं.

"बिलीचं मोजणीयंत्र जुलैत कसं चाललं?"

"मला काय ठाऊक?" लँग्डन घड्याळ बघत म्हणाले. "तो माझा विभाग नाही. मोल्नार, तुम्ही गोंदाकडे लक्ष द्याल का?"

"व्हिटकॉमला विचारा की," कोट्स म्हणाला. "पूर्वी जेवताना त्याच्या यंत्राशिवाय दुसरा विषय नसायचा. हल्ली बापडा एकटाच बसतो, सँडविच तसंच टाकून उठतो."

व्हिटकॉम खोलीत पाठमोरे उभे होते. प्रश्न ऐकून वळले आणि हसले. "छान चाललं. अगदी एप्रिलमध्ये चाललं होतं तसंच."

मोल्नारनी दार लोटलं.

"बारा महिन्यांतला एप्रिलच का आठवला, डॉक्टर?"

५

व्हिटकॉमनी वाद घातला नाही. कपाटाच्या तळातून कागदाची एक जाड गुंडाळी काढली आणि मूल द्यावं तशी दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली.

"बिघडलं ते," ते म्हणाले. "नऊ जुलैला. सुई एकदम वर गेली आणि कागदाच्या काठाला जाऊन अडकली. हजारपट आकडे! असं अवकाशात नसतं हो कुठे. तीन वर्षं घालवली मी त्या यंत्रात. म्हटलं, आधी दोष शोधू, मग सांगू. दोष सापडेना. लाज वाटायला लागली."

"आणि मिस होराचेकची नोकरी जात होती तेव्हा?"

"तिचा माझ्या यंत्राशी काय संबंध?" त्यांनी खरोखरच न समजून विचारलं. "त्या मार्थाच्या काचा होत्या."

"खालची रेघ बघितलीत?"

त्यांनी बघितली नव्हती. महिनाभर ते फक्त स्वतःची रेघ बघत होते. मी गुंडाळीचं टोक उलगडलं. वर त्यांची सुई काठाला गेली होती आणि त्याच दिवसापासून खाली बिलीची वीज उतरत होती. बिलीचे घट झेल्डानं नाही, कॅलिफोर्नियातल्या लोकांनी बसवले होते. काचा वेगळ्या, गोंद वेगळा, हात वेगळे. उतार मात्र तोच.



६

शुक्रवारची चौकशी खोलीत झालीच नाही. मोल्नारनी सगळ्यांना लांब व्हरांड्यात बोलावलं आणि मला पट्टी जमिनीवर उलगडायला सांगितलं. साठ फूट भरली. एका बाजूला लँग्डन आणि कोट्स, दुसऱ्या बाजूला संचालक, झेल्डा आणि खाली मान घातलेले व्हिटकॉम.

मी आधी चार घटांचे आकडे वाचून दाखवले. लँग्डननी ते दोनदा वाचायला लावले. मग चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ परत लावला नाही.

"गोंद नव्हता," ते अखेर म्हणाले. "ठीक. पण मग काय? बिघडलेल्या यंत्राच्या पट्टीवरून काय सिद्ध होणार?"

मोल्नार गुडघे टेकून पट्टीवर वाकले. "मी या पट्टीबरोबर कालचा दिवस काढला. ही सुई काठाला अडकलीय, बरोबर? पण इथे बघा, ती खाली येते. थोडा वेळ खालीच राहते. पुन्हा वर जाते. वेर्ना, खाली येते तेव्हा बिली कुठे असतो?"

"दर वेळी त्याच पट्ट्यात. दक्षिणेच्या टोकाला गेला की खाली, विषुववृत्ताकडे आला की वर. रोज. महिनाभर."

"डॉक्टर, मी आयुष्यात खूप बिघडलेली यंत्रं बघितली," मोल्नार म्हणाले. "बिघडलेली सुई वेळापत्रक पाळत नाही. ही पाळते. म्हणजे सुई ठीक आहे. तिथे वर खरंच काहीतरी आहे, आणि बिली रोज त्यातून आत-बाहेर करतो. ते काय आहे हे मला कळण्यासारखं नाही. ते तुम्ही सांगा."

व्हिटकॉमनी मान वर केली. ते पट्टीच्या कडेनं चालू लागले, आधी हळू, मग जवळजवळ धावत. शेवटच्या टोकाला थांबले तेव्हा त्यांचा टाय सुटला होता.

"कडं आहे," ते म्हणाले. "बॉम्बमधून उडालेले कण. ते सरळ गेलेच नाहीत. पृथ्वीच्या चुंबकानं पकडले. उत्तरेकडून दक्षिणेकडे, दक्षिणेकडून उत्तरेकडे, सेकंदात कितीतरी वेळा, आणि तसे हेलपाटे घालत पृथ्वीभोवती पसरत गेले. मार्था हिंदी महासागरावर होती खरी. पण त्यांना तिथे पोचायला तासभरही लागला नसेल. मग ती रोज त्यांच्यातून जात राहिली. दर फेरीला."

"दोन दिवसांत विरेल असं सगळे म्हणत होते," लँग्डन पुटपुटले.

"ही एक महिन्यानंतरची रेघ आहे, प्रुइट. बघ. अजून काठालाच आहे."

कोट्सनं डोक्यावरची टोपी काढली होती, कशासाठी ते त्यालाही ठाऊक नसावं. झेल्डा व्हरांड्याचं दार उघडून बाहेर वाहनतळावर गेली आणि एकेक करून आम्ही सगळे तिच्या मागे गेलो. डांबर तापून मऊ झालं होतं. आम्ही सात माणसं डोळ्यांवर हात धरून वर बघत उभे राहिलो. एक घार गोल फिरत होती. बाकी काही नव्हतं. पण आता मला ठाऊक होतं की त्या निळ्याच्या वर पृथ्वीला एक अदृश्य कडं घातलेलं आहे. ते देवानं घातलेलं नाही, आपल्यासारख्याच माणसांनी एका क्षणात घातलंय आणि आपण काय केलं हे त्यांना स्वतःलाही कळलेलं नाही. आणि ते सगळ्यात आधी पृथ्वीवर कुणाला कळलं? पिंपाएवढ्या मार्थाला आणि तिच्याहून धाकट्या बिलीला. त्यांनी ते रोज कळवलं होतं, मार्थानं तर जीव जाईपर्यंत.

"किती वर्षं राहील?" संचालकांनी विचारलं.

"सांगता येत नाही," व्हिटकॉम म्हणाले. "काही वर्षं तरी." मग ते झेल्डाकडे वळले. "मिस होराचेक, मी ते लपवलं नसतं तर तुमच्यावर हे आलंच नसतं. मला..."

"तुमचं यंत्र खरं बोलत होतं," झेल्डा म्हणाली. "आणि तुम्हीच त्याच्यावर विश्वास ठेवला नाहीत. त्याचीच माफी मागा आधी."

मोल्नार त्याच दुपारी गेले. अहवालात कारण लिहिलं, दोषी म्हणून कुणाचंच नाव लिहिलं नाही. संचालकांनी त्याबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले, "ज्यांचं आहे त्यांना बोलावून घ्यायची तुमची-माझी ऐपत नाही."

सप्टेंबरभर काम चाललं. पुढच्या उपग्रहासाठी व्हिटकॉमनी कणांच्या माऱ्याला जास्त टिकणाऱ्या जातीचे सौरघट शोधून आणले आणि वजनाची सगळी आकडेमोड लँग्डननी जाड काचांसाठी नव्यानं केली. एका सकाळी मी आकडे घेऊन झेल्डाच्या खोलीत गेले. ती भिंगाखाली वाकलेली होती. शेजारी डॉ. लँग्डन, बाह्या दुमडून, दोन्ही हातांनी काचांचा ट्रे धरून उभे होते. त्यांना ते काम कुणी सांगितलं होतं, की ते आपणहून आले होते, मला माहीत नाही. मी दारातच थांबले.

झेल्डानं चिमट्यानं एक काच उचलली, श्वास रोखला, ठेवली. मग दुसरीसाठी चिमटा पुढे केला आणि वर न बघता म्हणाली, "हात हलवू नका, डॉक्टर. अजून चार हजार आहेत."